आधीच्या मालकाने सोडलेली वायर

दोह्यात जुन्या गाड्या भराभर हात बदलतात. नोकरीचा करार संपतो, कुटुंब मायदेशी निघतं आणि विमानाच्या तारखेआधी गाडी विकून मोकळं व्हावं लागतं. घेणाराही बहुधा नवाच आलेला असतो. उन्हाळा तोंडावर असतो, मुलांची शाळा लांब असते, त्यामुळे त्यालाही घाईच असते. फाहेसच्या केंद्रात तपासणी होते, मेट्राश या सरकारी अॅपवर मालकी बदलते, नवी इस्तिमारा, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, हातात येते. चार-पाच देशांच्या माणसांनी आलटून पालटून चालवलेली लँड क्रूझर किंवा निसान पेट्रोल अशी एखाद्या मराठी घराच्या दारात येऊन उभी राहते. इंजिन छान, एसी थंडगार, टायर नवे. डॅशबोर्डखाली मात्र प्रत्येक मालकाने काहीतरी जोडलेलं असतं, आणि जाताना ते तसंच ठेवलेलं असतं.

फाहेस ही वोकूद या इंधन कंपनीची वाहन तपासणी सेवा. तिथे ब्रेक, दिवे, टायर, धूर यांची परीक्षा होते आणि ती व्हायलाच हवी. पण डॅशबोर्ड उघडून कुठली वायर कुठून निघाली हे बघणं रस्त्यावरच्या योग्यतेच्या तपासणीत येत नाही. त्यामुळे पास झालेल्या गाडीचं वायरिंगही तपासलं गेलं, असं समजणं चुकीचं आहे.

आखाती गाड्यांत ही जादा जोडणी कशाकशाची असते, हे पाहण्यासारखं आहे. उन्हात तापलेली गाडी बसण्याआधी गार व्हावी म्हणून दुरून इंजिन चालू करणारा रिमोट स्टार्ट. चोरीचा अलार्म, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, डिकीतला अॅम्प्लिफायर. आखाती बाजारासाठी आलेल्या बऱ्याच गाड्यांत ताशी १२० किलोमीटरच्या पुढे टिंग-टिंग वाजत राहतं, ते बंद करायला कुणीतरी कापलेली वायर. आणि वाळवंटात जाणारी गाडी असेल तर छतावर एलईडी बार, पुढे विंच, मागे फ्रिज, शिवाय हवा भरायचा कंप्रेसर. सीलाइनच्या वाळवंटी टेकड्यांत शिरताना टायरची हवा उतरवतात आणि परत डांबरी रस्त्यावर येताना ती भरावी लागते, म्हणून कंप्रेसर तिथे चैनीची वस्तू नाही. तो सहज तीसेक अँपिअर करंट ओढतो आणि पुष्कळदा थेट बॅटरीलाच जोडलेला असतो.

‘थेट बॅटरीला’ हेच नीट समजून घ्यायला हवं. बारा व्होल्ट म्हटलं की लोक निर्धास्त होतात, कारण हात लावला तर झटका बसत नाही. आग मात्र करंटमुळे लागते, आणि गाडीची बॅटरी शॉर्ट झाली तर काही क्षण कित्येकशे अँपिअर देऊ शकते. एवढ्या करंटला बारीक वायर काही सेकंदांत लाल होते. तिच्यावरचं आवरण पेटतं आणि शेजारच्या वायरींचंही जळतं. बॅटरीपासून पहिल्या वीतभर अंतरात फ्यूज असेल तर हे टळतं. फ्यूज लांब, उपकरणाजवळ बसवला असेल तर मधली सगळी वायर उघड्यावर पडते. ती बोनेटच्या पत्र्यात कुठे घासली आणि कापली गेली तर त्या फ्यूजला पत्ताही लागत नाही. फ्यूज दिव्याचं रक्षण करतो असं अनेकांना वाटतं. तो वायरचं रक्षण करतो, म्हणून त्याचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरवायचा.

जाडीचा हिशेब सोपा आहे. २४० वॅटचा एलईडी बार बारा व्होल्टवर २० अँपिअर घेतो. त्याला कुणी एक चौरस मिलिमीटरची पाच मीटर तांब्याची वायर लावली, तर तिचा रोध साधारण ०.०८६ ओहम होतो. म्हणजे जवळपास पावणेदोन व्होल्ट वाटेतच संपतात आणि वायरमध्ये सुमारे ३४ वॅट उष्णता तयार होते. जोडकामाच्या छोट्या सोल्डरिंग आयर्नची ताकद २५ ते ३५ वॅट असते! ती उष्णता पाच मीटरवर पसरते म्हणून वायर निभावून नेते, पण वेटोळं करून छताच्या कापडामागे कोंबली तर निभाव लागत नाही.

त्याहून कपटी असतो तो कच्चा जोड. नुसत्या पिळलेल्या तारा आणि वर गुंडाळलेली टेप. अशा जोडाचा रोध ०.१ ओहम झाला आणि त्यातून २० अँपिअर गेले, तर ४० वॅट उष्णता नखाएवढ्या जागेत कोंडते. फ्यूज उडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. दिवा थोडा मंद होतो, इतकंच. जळाल्याचा वास येईपर्यंत कुणाला संशयही येत नाही, म्हणूनच फ्यूज उडत नाही एवढ्यावर विश्वासून चालत नाही.

कतारची हवा यात तेल ओतते. १४ जुलै २०१० रोजी दोह्यात ५०.४ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांपर्यंत सहज तापतो. भिंतीतली साधी पीव्हीसी वायर ७० अंशांसाठीच बनवलेली असते. कुणी घरातली उरलेली वायर गाडीत वापरली असेल, तर एक अँपिअरही वाहण्याआधी तिची मर्यादा गाठलेली असते. इंजिनजवळ १०५ अंशांची वाहनासाठीची वायरच हवी. टेपचा गोंद वितळतो, टेप सुटते, तार उघडी पडते. त्यात ऑगस्टची दमट हवा आणि वाळवंटातल्या खोर अल अदैद खाडीच्या खाऱ्या पाण्याचे शिंतोडे. तांबं हिरवं पडतं आणि जोडाचा रोध वाढत जातो.

बाहेरून बसवलेल्या उपकरणांचा धोका भारतालाही नवा नाही. टाटा नॅनोच्या काही गाड्यांना आगी लागल्यावर कंपनीने तपास करून घेतला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये सांगितलेल्या कारणांत जादा बसवलेली विजेची उपकरणं आणि एक्झॉस्टवर राहिलेली परकी वस्तू यांचा उल्लेख होता. हा निष्कर्ष गाडी बनवणाऱ्याचाच आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावं. पण त्याच वेळी कंपनीने एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण मोफत देऊ केलं, म्हणजे प्रश्न खरा होता. आणि त्या गाड्या तर जवळजवळ कोऱ्या होत्या.

मग दुरुस्ती कशी करायची? सुरुवात काढण्यापासून. सनैयाच्या, म्हणजे इंडस्ट्रियल एरियाच्या गल्ल्यांत हिंदी-उर्दू-मल्याळम बोलणारे ऑटो इलेक्ट्रिशियन मिळतात, त्यातले कित्येक हाताने उत्तम असतात. पण त्यांना ‘दिवा चालू करून द्या’ असं सांगितलं तर ते दिवा चालू करून देतील. सांगायचं ते असं: कंपनीचं नसलेलं सगळं वायरिंग दाखवा, प्रत्येक वायर दोन्ही टोकांपर्यंत शोधा, आणि जिचं काम सांगता येत नाही ती काढा. टोक कापून आत ढकललेली वायरही काढलीच पाहिजे, कारण तिच्या दुसऱ्या टोकाला अजून वीज असू शकते.

काम सुरू करताना बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवायचं. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर तिथेच ठिणगी उडते. पिवळ्या आवरणातल्या वायरी बहुतेक गाड्यांत एअरबॅगच्या असतात, त्यांना टेस्ट लॅम्प लावायचा नाही. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबलला तर प्रशिक्षित माणसाशिवाय कुणी हातही लावू नये, तिथे बारा नाही, शेकडो व्होल्ट असतात.

जे ठेवायचं ते नव्याने जोडावं. बॅटरीजवळ फ्यूज, करंटला पुरेल अशी जाड वायर, डॅशबोर्डच्या छोट्या स्विचवर भार न टाकता रिले. रिलेवरचे आकडे जर्मन पद्धतीचे असतात: ३० वर बॅटरी, ८७ वर दिवा, ८५ आणि ८६ वर कॉइल. जोड नीट क्रिंप केलेला आणि त्यावर गरम करून आवळलेली स्लीव्ह. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट. ब्लेड फ्यूजचे रंगही ओळखून ठेवावेत: लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. पिवळ्याच्या जागी हिरवा सापडला, तर कुणीतरी दुखणं शोधण्याऐवजी ते लपवलेलं असतं. सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेला फ्यूज दिसला, तर त्या गाडीतल्या बाकीच्या एकाही जोडावर भरवसा ठेवू नये.

नंतर मोजणी. भार चालू ठेवून मल्टिमीटरने बॅटरीच्या आणि उपकरणाच्या टोकांमधली घट पाहावी. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त व्होल्ट वाटेत हरवत असतील तर जोड किंवा वायर पुन्हा तपासावी. बॉडीला दिलेल्या अर्थिंगचंही तेच, रंगावर बसवलेला स्क्रू म्हणजे अर्थिंग नव्हे. सगळं बंद करून गाडी झोपली की ओढला जाणारा करंट साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. तो ५०० असेल तर ६० अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी होते, आणि जुलैत महिनाभर पुण्याला जाऊन आलेल्या कुटुंबाला विमानतळावरून घरी आल्यावर बंद गाडी भेटते. तेव्हा दोष बॅटरीला दिला जातो, नवी घेतली जाते, आणि करंट पिणारा जुना ट्रॅकर डॅशबोर्डखाली तसाच राहतो.

यातलं बरंच व्यवहाराआधी दहा मिनिटांत कळतं. बोनेट उघडून बॅटरीच्या लाल टर्मिनलवर किती थिंबल आहेत ते मोजावं. कंपनीच्या जाड केबलखेरीज निघालेल्या प्रत्येक वायरमागे फ्यूज शोधावा. स्टिअरिंगखालचं झाकण काढून टॉर्चने पाहावं: कंपनीचं हार्नेस एकसारख्या काळ्या टेपने गुंडाळलेलं असतं, बाहेरची वायर वेगळ्या रंगाने, वेगळ्या चमकेने उठून दिसते. वितळलेलं प्लास्टिक, तपकिरी पडलेला कनेक्टर किंवा चिकट टेप दिसली तर किंमत कमी करून घेण्याची घाई नको. आधी इलेक्ट्रिशियनला दाखवावं. आणि मुख्य हार्नेसच वितळलेलं असेल, तर ते बदलायचा खर्च आणि मजुरी ऐकूनच इस्तिमारेवर नाव चढवायचं की नाही ते ठरवावं.