कवेलू, कुलूप आणि नामंजूर क्लेम

घरफोडी झाली, विम्याचा क्लेम केला आणि काही दिवसांनी ‘क्लेम नामंजूर’ असं पत्र हाती पडलं, की गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्यात काय किंवा नागपुरात काय, माणूस दोनपैकी एक समजूत करून घेतो: कंपनी लबाड आहे, नाहीतर आता काही होणे नाही. दोन्ही समजुती बहुतेकदा पत्र नीट न वाचताच होतात. पुढचा सगळा वाद मात्र त्या पत्रात दिलेल्या कारणावरच चालतो. नामंजुरीच्या पत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात सांगितलं. म्हणून तोंडी नकार ऐकून परतू नये. कारण लेखी घ्यावं आणि पॉलिसीचं कोणतं कलम दाखवलंय ते पाहावं.

कधीकधी कंपनीचं खरंही असतं. ‘घराचा विमा आहे, म्हणजे चोरी आलीच’ हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेली प्रमाणित ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आग, वादळ, पूर, दंगल आणि मुद्दाम केलेली नासधूस यांसाठी आहे. चोरी तिच्यात येते ती अशी एखादी घटना घडल्यावर, तिच्यामुळे आणि सात दिवसांच्या आत झाली तरच. म्हणजे कुणी रागानं खिडक्या फोडल्या तर भरपाई मिळू शकते, पण रात्रीत कपाट रिकामं झालं तर नाही. त्यासाठी घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

तेही घेतलं असेल तर गाठ पडते ‘घरफोडी’च्या व्याख्येशी. पॉलिसीच्या व्याख्येत बळजबरीनं प्रवेश ही अट असेल, तर उघड्या दारातून झालेली चोरी तिच्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये हरचंद राय चंदन लाल प्रकरणात ठरवलं. मग तेंदूपत्त्याच्या हंगामात घरची माणसं पहाटेच जंगलात गेली आणि चोर मागची कवेलू काढून आत उतरला, तर? कुलूप जागच्या जागी आहे, म्हणून बळ वापरलंच नाही, असं कंपनी म्हणेल. माझ्या मते छप्पर उसकणं हा कोयंडा उखडण्याइतकाच बळाचा प्रवेश आहे; पण हे मत पंचनाम्यातूनच सिद्ध व्हायला हवं. ‘घरात चोरी झाली’ एवढंच लिहिलं तर क्लेम लंगडा पडतो. ‘मागील बाजूची कवेलू काढलेली, खाली फुटके तुकडे’ असं लिहिलं असेल तर तो उभा राहतो. म्हणून पंच येईपर्यंत झाडलोट करू नका आणि मोबाईलवर फोटो काढा. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, आणि ठाण्यात तक्रार घेतली नाही तर ती पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येते.

‘कळवायला उशीर झाला, संपलं’ हेही खरं नाही. जानेवारी 2020 मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की पोलिसांत तत्काळ तक्रार झाली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही. तो वाहनचोरीचा खटला होता, घराचा नव्हे, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. तरी रेंज नसलेल्या गावातल्या माणसाला उशिराचं कारण मांडताना त्याचा आधार घेता येतो. पोलिसांत जायलाच उशीर केला असेल, तर मात्र हा निकाल कामाचा नाही. तसंच चोर सापडला नाही तरी क्लेम बुडत नाही. गुन्हा खरा पण आरोपी अज्ञात, अशी ‘अ समरी’ पोलीस देतात. तिला वेळ लागतो, पण केवळ कागद नाहीत म्हणून क्लेम नाकारू नये, असं विमा नियामकाच्या जून 2024 च्या परिपत्रकात आहे.

राहिला खर्चाचा प्रश्न. एवढ्याशा रकमेसाठी कोण भांडणार? आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. तिथं फी नाही आणि वकीलही लागत नाही. किंवा गडचिरोलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. तिथली फी भरलेल्या हप्त्यावर ठरते आणि पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे. मुदत लोकपालाकडे एक वर्ष, आयोगाकडे दोन वर्षं. तेव्हा नामंजुरीच्या पत्रावरची तारीख आधी पाहा.