घरातले बटण आणि बंदरातला कंटेनर

दूरचित्रवाणीचा रिमोट भिंतीआडून चालत नाही, कारण त्याचे अवरक्त किरण भिंतीत अडतात. पण पलीकडल्या खोलीतला दिवा मालवणारे बिनतारी बटणही आता मिळते. ते रेडिओ लहरी पाठवते. त्यांना भिंत तितकीशी आडवी येत नाही.

या लहरींची वारंवारता किती? ‘झेड-वेव्ह’ पद्धतीची बटणे पहा. अमेरिकेतली ९०८.४२ मेगाहर्ट्झवर चालतात, युरोपातली ८६८.४२ वर, तर भारतातली ८६५.२ वर, म्हणजे सेकंदाला ८६ कोटी ५२ लाख आंदोलने! प्रकाशाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला ३० कोटी मीटरला, या संख्येने भागा. तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर येईल. तिच्या चौथाईएवढी, साधारण बोटभर तार अँटेना म्हणून पुरते.

देशागणिक आकडा का बदलतो? वारंवारतेचे पट्टे प्रत्येक देश आपल्या सोयीने वाटतो म्हणून. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला.

या पट्ट्यात तुमच्या बटणाला शेजारीही आहेत. न्हावा शेवा बंदरात २०१६ साली कंटेनरांचा माग ठेवण्यासाठी त्यांवर रेडिओ टॅग लावण्यास सुरुवात झाली, ते याच पट्ट्यातले. गंमत म्हणजे अशा टॅगमध्ये बॅटरीच नसते! वाचकयंत्राच्या लहरींतूनच ऊर्जा घेऊन तो आपला क्रमांक परत कळवतो. मोटारीच्या काचेवरचा फास्टॅगही याच जातीचा. मग यांची आपसात गल्लत कशी होत नाही? एक तर यांचा पल्ला लहान, निरोप क्षणभराचा. शिवाय बटणाच्या निरोपात तुमच्या घराचा खास क्रमांक असतो.

आता समजा, मामांनी अमेरिकेहून बटण आणि त्याचा स्विच आणला. व्होल्टेजचा प्रश्न सोडवला तर दिवा लागेलही. पण भारतात ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या लहरींना दिलेला आहे, आणि ९०८.४२ नेमका त्यात पडतो! दूरवरच्या फोनची क्षीण हाक मनोरा ऐकत असतो, तेव्हा त्याच्या कानाशी हे बटण बोलणार. एका बटणाने फारसे बिघडणार नाही. पण मनोऱ्याखालच्या इमारतीत घरोघरी तीच बटणे आली तर? म्हणून खोक्यावरचा मेगाहर्ट्झचा आकडा आधी वाचा. तो ८६५ ते ८६८ च्या दरम्यान नसेल, तर मामांना आधीच पत्र टाकलेले बरे.