पेन्सिलीच्या फुल्या

कर्जाची कागदपत्रं तयार करताना बँकेतला माणूस एक सोय करून ठेवतो. जिथं जिथं सही हवी, तिथं पेन्सिलीनं बारीकशी फुली मारतो. कर्जदारानं वाचत बसायचं नाही; फुली दिसली की सही करायची. पंधरा-वीस सह्या पाच मिनिटांत उरकतात आणि मागची रांग पुढं सरकते. छत्तीस वर्षांच्या नोकरीत अशा किती फुल्या मारल्या, त्याची मोजदाद नाही. त्यातल्या काही मात्र अजून टोचतात.

२०१२ सालची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी होतो. तिथल्या हायस्कुलात गणित शिकवणारे एक सर मुलीला घेऊन आले. तिला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. कर्ज हवं होतं सहा लाखांचं. वर्षाला दीड लाख, अशी चार वर्षं. रक्कम चार लाखांच्या वर, म्हणून जामीनदार लागणार होता. मुलीचा मामा तयार झाला. सरांचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या जरासं वर होतं, त्यामुळं केंद्र सरकारच्या २००९ च्या व्याज अनुदान योजनेत ते बसत नव्हते. व्याज कसं लागेल ते मी सांगू लागलो, तर सरांनी मला थांबवलं. हळूच म्हणाले, ‘‘साहेब, पोरीसमोर आकडे नकोत. तिनं अभ्यास करावा. पैशाचं माझं मी बघतो.’’

मला तेव्हा त्या बापाचं कौतुकच वाटलं. मी फुल्या मारल्या, मुलीनं सह्या केल्या. ज्या कर्जात मुख्य कर्जदार ती होती आणि वडील नुसते सहकर्जदार, त्या कर्जाचा एकही आकडा तिच्या कानावर पडला नाही.

२०१७ मध्ये ती मला शोधत आली. माझी बदली तोवर सांगलीला झाली होती. पुण्यात महिना अठरा हजारांची नोकरी तिला नुकतीच लागली होती आणि हातात बँकेचं पत्र होतं. ‘‘काका, कर्ज सहा लाखांचं होतं ना? मग हे साडेआठ लाख कुठून आले?’’

मी कागद ओढला. व्याजाचा दर बारा टक्के. पहिल्या वर्षी दीड लाखावर महिन्याला १,५०० रुपये. दुसऱ्या वर्षी ३,०००, तिसऱ्या वर्षी ४,५००. चौथ्या वर्षी ६,००० आणि शिक्षण संपल्यावर हप्त्यांसाठी जी वर्षभराची सवड मिळते, त्या वर्षीही ६,०००. सवड हप्त्यांना असते, व्याजाला नसते. बेरीज झाली २ लाख ५२ हजार. हे नुसतं सरळव्याज. सर आठवीच्या वर्गात फळ्यावर शिकवत असतील तेच. व्याज महिन्याच्या महिन्याला भरलं असतं, तर दहा वर्षांचा हप्ता सुमारे ८,६०० रुपये बसला असता. आता तो १२,२०० च्या आसपास जात होता.

ती बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘पहिल्या वर्षी दीड हजार मी शिकवण्या घेऊनसुद्धा भरले असते काका. मला कुणी सांगितलंच नाही.’’ पुढं काही हप्ते थकले, जामीनदार म्हणून मामाला पत्र गेलं, आणि सर नि त्यांचा मेव्हणा वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते.

सरांना दोष द्यायचा मला अधिकार नाही. मी दिवसभर गावाला बचतीचे सल्ले देत असे. पण माझा मुलगा बारावीत जाईपर्यंत त्याला माझा पगार ठाऊक नव्हता. त्यानं एकदा विचारलं, तेव्हा ‘‘तुला काय करायचंय?’’ म्हणून मी त्याला उडवून लावलं होतं.

आमच्या लहानपणी हे लपवणं शक्यच नव्हतं. एक तारखेला वडील पगाराचं पाकीट देवापुढं ठेवत. आई त्यातून भाडं, दूध, वाणी असे वाटे करी. उधारीची वही घेऊन वाण्याकडं आम्हीच जायचो आणि तो मागची बाकी चारचौघांत मोठ्यानं वाचायचा. लाज वाटे, पण महिन्याच्या वीस तारखेला चप्पल मागायची नसते, हे कुणी शिकवावं लागलं नाही. आता पगार परस्पर खात्यात जमा होतो आणि खर्च मोबाइलवरून होतो. सोय आहे, तक्रार नाही. पण पोरांना पैसा येताना दिसत नाही आणि जाताना तर नाहीच. जे दिसत नाही, ते सांगावं लागतं.

मुलांच्या शिक्षणासाठी पैसे कुठं ठेवावेत, असं लोक आजही विचारतात. जागा सगळ्यांना माहीत आहेत. पोस्टाची आवर्ती ठेव आहे, १९६८ पासूनचा पीपीएफ आहे, मुलींसाठी २०१५ पासून सुकन्या समृद्धी आहे. खरा फरक पडतो तो सुरुवात कधी केली त्यानं. मूल दोन वर्षांचं असताना वर्षाच्या आरंभी बारा हजार, म्हणजे महिना हजाराच्या हिशेबानं, बाजूला काढायला लागलं आणि ७.१ टक्के व्याज धरलं, तर पंधरा वर्षांत भरलेल्या १ लाख ८० हजारांचे सव्वातीन लाख होतात. तेच मूल बारा वर्षांचं झाल्यावर जाग आली, तर तेवढ्या रकमेसाठी पाच वर्षं दर महिन्याला सुमारे ४,४०० रुपये काढावे लागतात. आणि तरीही कमी पडलं, तर कर्ज आहेच. २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना आली. सरकारनं निवडलेल्या शिक्षणसंस्थांत प्रवेश मिळाला, तर तीत तारण नको, जामीनदारही नको. चांगलंच झालं. पण जामीनदार नको म्हणजे परतफेड नको असं नव्हे. ती मुलालाच करायची असते.

म्हणून सांगतो, मूल नववी-दहावीत गेलं की एखाद्या रविवारी त्याला शेजारी बसवा. पगार किती, हप्ते किती, त्याच्या नावावर किती साठलं आहे आणि किती कमी पडणार आहे, ते सांगा. तो घाबरेल, ही भीती आपली असते. मुलं घाबरत नाहीत, ती हिशेब करू लागतात.

२०१९ मध्ये, माझ्या निवृत्तीच्या वर्षी, ती मुलगी पुन्हा आली. बरोबर सर होते आणि धाकटा भाऊ. त्याच्या कर्जाचे कागद समोर आल्यावर सवयीनं माझा हात पेन्सिलीकडं गेला. ती म्हणाली, ‘‘काका, फुल्या नंतर मारा. आधी त्याला वाचू दे.’’

वाचायला त्याला पाऊण तास लागला. मागं रांग खोळंबली होती. सरांनी चष्मा लावला, एका कोऱ्या कागदावर रकाने आखले आणि पोराला पहिल्या वर्षाचं व्याज काढायला लावलं.