आजोळची खेळणी आजोळीच

मे महिन्याची सुट्टी संपते, एसटीची वेळ होते आणि आजी पोरांच्या पिशव्यांत लाडू, लोणचे, आंबे कोंबू लागते. सागरगोटे मात्र ती देत नाही. ते पुन्हा फडताळातल्या डब्यात जातात. शहरातल्या घरी खेळणी ज्याची त्याची असतात. आजोळची सगळ्या मामे-मावस भावंडांची, आणि मुक्कामाला तिथेच. त्यांची अर्धी गोडी या वर्षभर वाट पाहण्यात आहे.

सागरगोटा म्हणजे काटेरी वेलीच्या काटेरी शेंगेतले बी. राखाडी, गुळगुळीत, गोटीएवढे. कवच इतके टणक, की ते समुद्रात दीर्घकाळ तरंगून दूरच्या किनाऱ्यावरही रुजू शकते. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे उचलायचे आणि वरचाही झेलायचा, एवढाच खेळ. यात सत्तरीची आजी नातीला सहज हरवते. पोरांना मात्र त्याचा दुसराच उपयोग प्रिय. गोटा फरशीवर खसाखसा घासला की चांगला तापतो. मग बेसावध भावाच्या दंडाला चटका!

दुपारी उन्हामुळे बाहेर जायला बंदी. अशा वेळी ओसरीवर खडूने पाच बाय पाचचा पट आखला जातो आणि चल्लस-आठ सुरू होतो. फाशांऐवजी चार कवड्या, नाहीतर दगडावर घासून दुभंगलेले चिंचोके. चारही उताणे पडले तर चल्लस, म्हणजे चार. चारही पालथे पडले तर आठ. दोन्ही दानांना पुन्हा खेळायला मिळते. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही, हा नियम बहुतेक ठिकाणी पाळतात. बाकीचे नियम घरागणिक बदलतात, आणि वाद झालाच तर आजोबा म्हणतील ते खरे. आजोबा स्वतः खेळत असले तरीही!

भातुकलीचा मान वेगळा. तांब्या-पितळेची चूल, बंब, परात, जाते, खलबत्ता, सारे बोटभर. १९२९च्या शारदा कायद्याने मुलींच्या लग्नासाठी किमान वय चौदा ठरवले. त्याआधी तर याहूनही लहान मुली सासरी जात, आणि त्यांच्या सामानात कधी कधी ही भांडीही असत. पणजीच्या त्या परातीत आज नातवंडे चुरमुरे, दाणे आणि गूळ कालवतात. लाकडी भातुकली हवी असेल तर सावंतवाडीची चितार आळी प्रसिद्ध आहे.

काही खेळणी तर खेळून झाल्यावर पोटातच जातात. कोकणात करवंद दाताने फोडण्याआधी विचारायचे, ‘कोंबडा की कोंबडी?’ आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी. बरोबर ओळखले तर करवंद आपले.

आता आजी-आजोबाही अनेकदा फ्लॅटमध्येच राहतात आणि नातवंडे व्हिडिओ कॉलवर भेटतात. म्हणून हे खेळ संपले, असे मानायचे काही कारण नाही. सागरगोटे काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात, कवड्या पूजासाहित्याच्या. चिंचोके घरच्या चिंचेतच असतात. पट आखायला खडू पुरतो. येत्या सुट्टीत नातवंडे यायच्या आधी एवढे सामान एका डब्यात भरून ठेवा, आणि ती परत निघाली की डबा मात्र घरीच ठेवून घ्या.