पेगच्या आधी एक गोळी

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. हिंजवडीतून कॅब निघाली की मी पर्समधून स्ट्रिप काढते, एक गोळी पाण्याबरोबर गिळते आणि मगच ग्रुपवर मेसेज टाकते, 'निघालेय'. शेजारच्या कलीगला वाटतं, अ‍ॅसिडिटीची असेल. वाटू दे बापडीला.

गोळी आहे नाल्ट्रेक्सोनची, ५० मिलिग्रॅम. दारू कमी व्हावी म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली. हो, दारू. आणि हो, मी ३१ वर्षांची बाई आहे, टीम लीड आहे, अप्रेझलमध्ये कधी कुणाची तक्रार नाही. 'बेवडा' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जो मळका शर्ट येतो ना, तो माझ्या कपाटात नाही. माझा घोळ हिशेबाचा होता. 'मी फक्त वीकएण्डला घेते' म्हणता म्हणता वीकएण्ड बुधवारीच सुरू व्हायला लागला. मग फ्लॅटवर, एकटीनेच, रोज एक क्वार्टर. १८० एमएल म्हणजे तीन लार्ज पेग, आठवड्याचे २१. इंजिनीअर असून हा गुणाकार मी दोन वर्षं केलाच नव्हता! एका सोमवारी रात्री अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल घरूनच घेतला आणि मंगळवारी त्यातलं अक्षर आठवेना. मिनिट्स वाचल्यावर कळलं, ती अशक्य डेडलाइन मीच कबूल केली होती. टीमने पुढचे तीन आठवडे रात्री बसून ती निभावली. कारण कुणालाच माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी लेक्चर दिलं नाही. सरळ विचारलं, सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, घाम सुटतो का, कधी फिट आली होती का? रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. अशांनी घरच्या घरी शूरपणा करायचा नसतो. माझं तसं नव्हतं. मग लिव्हरची टेस्ट झाली आणि आणखी एक प्रश्न आला, सध्या कुठली पेनकिलर घेताय का? नाल्ट्रेक्सोन ओपिऑइडचा परिणाम अडवतं, त्यामुळे ट्रॅमाडॉल किंवा कोडीनवालं कफ सिरप चालू असेल तर ही गोळी चालत नाही. आता डेंटिस्टकडे गेले तरी आधी हेच सांगते.

ती काम कशी करते? दारू पोटात गेली की मेंदूत एंडॉर्फिन सुटतात, ती ठरावीक जागांवर जाऊन बसतात आणि आपल्याला 'वा, अजून एक' वाटतं. आपण बसमध्ये सीटवर रुमाल टाकून जागा धरतो ना, तसा गोळीने तिथे आधीच रुमाल टाकलेला असतो. म्हणून पिण्याच्या तासभर आधी घ्यायची. काहींना रोजही देतात, ते डॉक्टर ठरवतात. नशा मात्र चढतेच. गोळी घेतलीय म्हणून स्कूटरला किक मारण्याचा विचारही करू नका. पहिल्या आठवड्यात मळमळीने जीव नकोसा झाला, म्हणून अर्ध्या गोळीवर आले होते.

औषध नवं नाही. अमेरिकेत १९८४ मध्ये अफूसारख्या व्यसनांसाठी आणि १९९४ मध्ये दारूसाठी त्याला मान्यता मिळाली. पण जादूची कांडीही नाही. २०१४ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच चाचण्यांचा एकत्रित हिशेब आला होता. त्यानुसार साधारण १२ जणांना ही गोळी दिली, तर त्यातल्या एकाचं पुन्हा बेसुमार पिणं टळतं. मला आकडा फारच कमी वाटला. डॉक्टर म्हणाले, "गोळीबरोबर डायरीही लिहायची आणि दर पंधरा दिवसांनी इथे येऊन बोलायचं."

खरी परीक्षा आईची होती. साताऱ्याहून आली आणि दुसऱ्याच दिवशी तिला ड्रॉवरमध्ये स्ट्रिप सापडली. मी सगळं सांगितलं. ती पांढरीफटक पडली. "म्हणजे मामाला दिलेली तीच का गं?"

मामाची गोष्ट आमच्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही. 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती तुम्हीही वाचल्या असतील. मामीने तशीच कुठून तरी गोळी मिळवली आणि चुरा करून चहात टाकत राहिली. ते डायसल्फिरॅम होतं. त्याचा हा गुण १९४८ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी जगापुढे आणला. दारूपासून शरीरात जो अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतो, तो पुढे मोडूच देत नाही. पेशंटला माहीत असेल आणि डॉक्टरांची देखरेख असेल, तर ते उपयोगाचं औषध आहे. मामाला माहीत नव्हतं. एका लग्नात दोन पेग पोटात गेले आणि चेहरा लालभडक, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली. दोन दिवस आयसीयूत होता. दारू त्याने सोडली नाही. मामीच्या हातचा चहा मात्र सोडला.

"ही वेगळी आहे, आई. आणि मी स्वतः घेते." ती बराच वेळ स्ट्रिपवरची अक्षरं वाचत बसली.

सगळं छान चाललंय असं नाही. ऑगस्टमध्ये जवळच्या मैत्रिणीच्या संगीतला मी गोळी मुद्दाम घरी ठेवली. त्या रात्री मला ती 'वा' हवी होती. खरं सांगायचं तर गोळीवर प्यायलेली दारू कोमट सोड्यासारखी लागते, आणि कधी कधी त्याचाच राग येतो. त्या रात्रीचे व्हिडीओ मी अजून बघितलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी डायरीत 'नऊ' लिहिलं आणि डॉक्टरांना दाखवलं.

आता डायरीत कुठल्या आठवड्यात ५ असतात, कुठल्या ११. मागच्या शुक्रवारी दुसरा ग्लास अर्धा तसाच राहिला आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. वेटरने विचारलं, "मॅडम, उचलू?"

तेवढ्यात आईचा फोन. पूर्वी विचारायची, जेवलीस का. हल्ली विचारते, "गोळी घेतलीस का? आणि जेवलीस का?"