शोधयंत्रातील आपली जागा : लहान चिकित्सालये व औषधालयांसाठी

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आयुर्वेदीय व्यवसाय आजवर वाढला तो कर्णोपकर्णी पसरलेल्या कीर्तीवर. एका रुग्णास गुण आला की तो आठवडे बाजारात, कारखान्याच्या वजनकाट्यावर, सोयरिकीच्या बैठकीत चार जणांस सांगत असे. ही रीत आजही संपलेली नाही. मात्र तिच्यात एक पायरी वाढली आहे. नाव कानावर पडले की रुग्ण, अथवा त्याचा मुलगा, ते प्रथम मोबाइलवर शोधतो. तेथे पत्ता, वेळ, वैद्यांची पदवी यांपैकी काहीच न आढळल्यास तो दुसऱ्या नावाकडे वळतो. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत अथवा वालचंदनगरला नोकरीनिमित्त नव्याने आलेल्या कुटुंबास तर कोणाचेच नाव ठाऊक नसते. ते थेट व्याधीचे नाव लिहून शोधतात. या शोधात आपली योग्य माहिती योग्य व्यक्तीस सापडावी म्हणून जी मांडणी करावी लागते, तिला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, संक्षेपाने एसईओ, असे म्हणतात.

हा विषय केवळ व्यवसायवृद्धीचा नाही, असे आम्हांस वाटते. आपण तेथे नसलो म्हणून ती जागा रिकामी राहत नाही. 'गुडघेदुखी' असे लिहून शोधणाऱ्या रुग्णासमोर काही ना काही येतेच. जवळचे नोंदणीकृत वैद्य त्यात नसतील, तर सात दिवसांत वेदनामुक्तीची हमी देणारे, घटकद्रव्यांचा उल्लेख नसलेले एखादे चूर्ण घरपोच येते. सांधेदुखीवरील अशा निनावी चूर्णांत स्टिरॉइडची भेसळ आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात वारंवार आल्या आहेत. रुग्णाचा चेहरा सुजतो, रक्तशर्करा वाढते, औषध थांबविताच वेदना पूर्वीहून तीव्र होतात; आणि दोष मात्र आयुर्वेदाच्या माथी येतो.

शोधयंत्र कसे निवडते?

गूगलचे संस्थापक लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना, १९९८ च्या सुमारास, मांडलेली मूळ कल्पना साधी होती. ज्या पानाकडे इतर विश्वासार्ह पाने निर्देश करतात, ते पान अधिक महत्त्वाचे. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर हा आप्तोपदेशाचाच एक यांत्रिक प्रकार होय. कोण सांगतो यावर सांगण्याचे वजन ठरते. आता त्यात इतर अनेक निकषांची भर पडली आहे. पैसे भरून दिलेली जाहिरात वरच्या भागात दिसू शकते व ती जाहिरात असल्याचे तेथे नमूद असते. त्याव्यतिरिक्त जे स्वाभाविक निकाल दिसतात, त्यांत पैसे देऊन स्थान मिळत नाही.

परिसरातील दवाखाने व दुकाने यांच्या शोधासाठी गूगलने तीन निकष जाहीर केले आहेत : सुसंगती, अंतर आणि ख्याती. यांतील अंतर हा निकष लहान व्यावसायिकास अनुकूल आहे. इंदापुरात उभे राहून 'पंचकर्म' शोधणाऱ्यास पुण्यातील मोठ्या संस्थेपेक्षा इंदापुरातील लहान चिकित्सालय आधी दिसण्याची शक्यता अधिक असते. अट एवढीच की त्या चिकित्सालयाची नोंद असली पाहिजे.

नकाशावरील नोंद

ही नोंद म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल. २०२१ पर्यंत तिचे नाव 'गूगल माय बिझनेस' असे होते. ती विनामूल्य असून स्वतःचे संकेतस्थळ नसले तरी करता येते. करताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

१) नाव फलकावर आहे तसेच लिहावे. 'बारामतीतील सर्वोत्तम' अशी विशेषणे नावात घालणे नियमबाह्य आहे व त्यामुळे नोंद स्थगित होऊ शकते. 'धन्वंतरी', 'संजीवनी' ही नावे गावोगाव असल्याने नाव, पत्ता व दूरध्वनी सर्वत्र एकसारखेच असावेत.

२) नकाशावरील खूण प्रत्यक्ष दारावर आहे याची खात्री करावी. 'एस. टी. स्थानकामागे' एवढ्या पत्त्यावर परगावचा रुग्ण पोहोचत नाही.

३) वेळा अचूक ठेवाव्यात. आठवड्यातून दोन दिवस भिगवणला आणि उरलेले दिवस बारामतीत बसणाऱ्या वैद्यांनी ते वार स्पष्ट लिहावेत. बंद दारावरून परतलेला रुग्ण सहसा पुन्हा येत नाही. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी व इंदापूर या मार्गाने जाते. पायांना फोड आलेला, परजिल्ह्यातील वारकरी जवळचे औषधालय मोबाइलवरच पाहतो. त्या दिवसांतील वाढीव वेळा आधी नोंदवाव्यात.

४) अभिप्राय सर्व रुग्णांस सारख्याच भावनेने मागावेत, मोबदला देऊन घेऊ नयेत. गूगलचे नियम याच्या विरुद्ध आहेत, आणि भारतीय मानक ब्यूरोनेही ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक केले आहे. प्रतिकूल अभिप्रायास उत्तर देताना रुग्णाच्या व्याधीचा वा चिकित्सेचा उल्लेख कदापि करू नये. गोपनीयता तेथेही लागू आहे.

शास्त्रातील संज्ञा व रुग्णाची भाषा

आपले खरे न्यून येथे आहे. आपण 'अर्श', 'गृध्रसी', 'अम्लपित्त', 'शीतपित्त' असे लिहितो. रुग्ण शोधतो 'मूळव्याध', 'सायटिका', 'छातीत जळजळ', 'अंगावर पित्त उठणे'. शोधयंत्र समानार्थी शब्द काही अंशी ओळखते. तथापि संस्कृत संज्ञेवरून ते रुग्णाच्या बोलीपर्यंत पोहोचेलच, याची शाश्वती नाही. अनेक जण मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितात, काही बोलून शोधतात. म्हणून शास्त्रीय संज्ञेसोबत प्रचलित शब्दही मजकुरात सहजपणे यावा. तोच शब्द वीस वेळा कोंबण्याची युक्ती मात्र जुनी झाली असून ती आता अपायकारक ठरते.

दर्शन, स्पर्शन, प्रश्न या त्रिविध परीक्षेतील प्रश्नपरीक्षा येथे उपयोगी पडते. रुग्ण कोणत्या शब्दांत तक्रार सांगतो व काय विचारतो, ते महिनाभर वहीत टिपावे. 'बस्तीसाठी उपाशी यावे लागते का?', 'वमन कोणत्या ऋतूत करतात?', 'क्षारसूत्रानंतर कामावर कधी जाता येते?' अशा प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सोप्या मराठीत एका स्वतंत्र पानावर लिहावे. खाली वैद्यांचे नाव, पदवी, नोंदणी क्रमांक व दिनांक द्यावा. आरोग्यविषयक मजकुराबाबत गूगल लेखकाच्या अनुभवास व विश्वासार्हतेस विशेष महत्त्व देते. अनुभवी वैद्यांकडे हे भांडवल आधीपासूनच आहे.

औषधालयांच्या बाबतीत रुग्ण हाती चिठ्ठी घेऊन शोधत असतो. 'क्षीरबला तेल कोठे मिळेल?' हा त्याचा प्रश्न असतो. उपलब्ध तैल, घृत, आसवारिष्टे यांची यादी व दुकानाची स्पष्ट छायाचित्रे नोंदीत असली, तर त्यास उत्तर मिळते.

कायद्याची मर्यादा

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग, मूतखडा, पांढरे कोड, स्थूलता, स्त्रियांतील वंध्यत्व इत्यादी ५४ व्याधी-अवस्था आहेत. त्यांवर अमुक औषध गुणकारी आहे अशी जाहिरात करता येत नाही. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. या अधिनियमातील 'जाहिरात' शब्दाच्या व्याख्येत प्रकाश, ध्वनी वा धूर यांद्वारे केलेली घोषणाही येते. तेव्हा मोबाइलच्या पडद्यावरील मजकूर तिच्याबाहेर आहे असे समजू नये. पतंजलीच्या जाहिरातींबाबत २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात जे घडले ते सर्वांस ज्ञात आहेच. म्हणून आहार-विहार, चिकित्सेचे स्वरूप, लागणारा काळ, वैद्यांकडे केव्हा यावे हे लिहावे. 'हमखास', 'कायमचे', 'शंभर टक्के' हे शब्द टाळावेत.

हमी देणाऱ्यांपासून सावध

'महिनाभरात पहिला क्रमांक' असे सांगणारे दूरध्वनी आपणांपैकी अनेकांस येतात. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलनेच स्पष्ट केले आहे. केलेल्या सुधारणांचे फळ दिसण्यास बहुधा चार महिने ते एक वर्ष लागते, असेही त्यांचे म्हणणे आहे. जीर्ण व्याधीत झटपट गुणाची हमी देणाऱ्याविषयी आपण रुग्णास जे सांगतो, तेच येथे लागू पडते. खात्याचा परवलीचा शब्द कोणाच्या हाती देऊ नये. नोंदीची मालकी स्वतःकडेच ठेवावी.

सर्व वैद्य व औषधालय-मालकांस आमची विनंती एवढीच, की पुढील अंक हाती येण्यापूर्वी आपली नोंद तपासावी, वेळा व खूण दुरुस्त करावी आणि रुग्णांच्या नेहमीच्या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. दोन्ही तालुक्यांतील प्रत्येकाने एवढे केले, तरी व्याधीचे नाव लिहून शोधणाऱ्या रुग्णासमोर निनावी चूर्णाआधी जाणत्या वैद्यांचा सल्ला येण्याची शक्यता पुष्कळ वाढेल.