वाळवंटात जाण्याआधी पाण्याचं गणित

मित्रांबरोबर ट्रेक ठरवायला मेसमधला एक चहा पुरतो. कोणीतरी म्हणतं "कामणदुर्ग", दुसरा म्हणतो "चल", आणि रविवारी पहाटे आठजण रिक्षात कोंबून निघतात. घरच्या माणसांना घेऊन चालायला जाणं हा मात्र अगदी वेगळा पेपर आहे. मागच्या डिसेंबरात मी तो पहिल्यांदा दिला आणि पूर्वपरीक्षेतच नापास झालो.

ठिकाण बहिणीने निवडलं होतं. ती सातवीत आहे. पुस्तकात तिला माळढोक भेटला आणि तिने हट्टच धरला. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला या पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, पण आता तिथे तो दिसणं फार दुर्मिळ. आज सगळ्या जगात मिळून जेमतेम दीडशेच्या आसपास माळढोक उरलेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. म्हणून ठरलं जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क. आपल्या वसई-विरारकरांना "नॅशनल पार्क" म्हटलं की बोरिवलीच आठवतं. ते सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. हे ३१६२, म्हणजे तीस बोरिवल्या, आणि सावलीच्या नावाने शंख!

बाबा म्हणाले, "मे महिन्यात जाऊ, मला रजा मिळते." मी म्हटलं, "बाबा, मे महिन्यात तिथे दुपारी चाळिशी ओलांडते." शिवाय माळढोकाची मादी उन्हाळा-पावसाळ्यात उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. अशा वेळी आपण तिथे न फिरकलेलंच बरं. शेवटी डिसेंबर ठरला.

मग मी वही घेऊन बसलो. शेवटी इंजिनिअरिंगला आहोत, काहीतरी उपयोग नको का?

चालणारा माणूस साधारण ३०० वॅट उष्णता तयार करतो, म्हणजे तासाला १०८० किलोज्यूल. एक लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे २४०० किलोज्यूल घेऊन जातो. सगळी उष्णता घामानेच काढायची म्हटली तर तासाला जवळजवळ अर्धा लिटर पाणी लागतं. थंडीत काही उष्णता हवेतच जाते, पण ऊन आणि वाळू ती भर पुन्हा घालतात. म्हणून मी अर्धा लिटरच धरला. पाच माणसं, चार तास, म्हणजे १० लिटर. त्यावर दीडचा फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे १५ लिटर.

१५ लिटर म्हणजे १५ किलो. बाबा म्हणाले, "मग एक उंटच विकत घे."

गंमत सोडा, पण इथेच पहिला धडा मिळाला. डोंगरात आपण पायांचा अंदाज घेऊन अंतर ठरवतो, वाळवंटात ते पाण्यावरून ठरतं. आजीच्या हातात पिशवीही द्यायची नाही, बहिणीला एक बाटली पुरे, तेव्हा चार तासांची सलग चाल आमच्यासाठी नव्हतीच. मी प्लॅन बदलला. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास आणि मधे भाड्याची जीप. कॅन जीपमध्ये, पाठीवर फक्त दोन तासांचं पाणी.

हिशेब झकास जमला म्हणून तालीम घ्यायची ठरली. दिवाळीनंतरच्या रविवारी सगळे तुंगारेश्वरला गेलो. फाट्यापासून देवळापर्यंत चालत, प्रत्येकाला मोजून बाटली. परतीच्या वाटेवर आजी एकदम दगडावर टेकली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली. तिची बाटली उघडून बघितली तर जवळजवळ भरलेली. आईचीही तशीच.

"आजी, पाणी का नाही प्यालीस?"

आजी काही बोलेना. शेवटी आई हळूच म्हणाली, "अरे, प्यायलं की जावं लागतं. इथे आडोसा कुठे आहे?"

मी गप्प झालो. ३०० वॅटचा हिशेब मी दशांशापर्यंत केला होता. पण घरातल्या दोन बायका आयुष्यभर प्रवासात पाणी का टाळतात, हा प्रश्न माझ्या वहीत नव्हताच. आणि हे तुंगारेश्वर होतं, दोन्ही बाजूंना झाडी. जिथे कंबरभर उंचीचं झुडूपसुद्धा मुश्किलीने सापडतं तिथे काय झालं असतं?

दुसरी गोष्टही तेव्हाच उमगली. आपल्याकडे दमट हवेत घाम वाळत नाही, शर्ट भिजतो, म्हणून पाणी जातंय हे कळतं. वाळवंटातल्या कोरड्या हवेत घाम आला तसा वाळतो. शर्ट कोरडा, कपाळ कोरडं, माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. तहान लागेपर्यंत थांबलं की उशीर होतो.

मग यादी नव्याने केली:

१. दर दोन तासांनी जीपपाशी परत. जीपला बांधायला जुनी चादर, दोन काठ्या आणि दोरी. हा झाला आडोसा.
२. दर वीस मिनिटांनी सगळ्यांनी एकत्र थांबून चार घोट. तहान असो वा नसो. शिट्टी बहिणीकडे.
३. पाणी अर्धं झालं की मागे फिरायचं. समोर माळढोक नाचत असला तरी.
४. जैसलमेरला वनखात्याची परवानगी आणि तिथलाच वाटाड्या. हद्द पाकिस्तान सीमेजवळ आहे, मनात येईल तिकडे चालता येत नाही. मोबाईलच्या नेटवर्कवर भरवसा नाही.
५. स्वेटर, कानटोप्या. वाळू लवकर तापते तशी लवकर निवते आणि निरभ्र आकाशाखाली रात्री चांगलाच गारठा पडतो.
६. ओआरएसची पाकिटं.

बोरिवलीहून सूर्यनगरी एक्सप्रेसने जोधपूर आणि पुढे जैसलमेर. आता आरक्षण साठ दिवस आधी सुटतं, त्यामुळे तारीख परीक्षेचं वेळापत्रक लागल्याबरोबर पक्की करावी लागली.

प्रत्यक्षात काय झालं? चिंकारा दिसले. खेजडीचं झाड दिसलं, म्हणजे पांडवांनी शस्त्रं लपवली ती आपली शमीच, हे ऐकून आजीने त्याला नमस्कार केला. माळढोक मात्र दिसला नाही. दुसऱ्या दिवशी बाबांना लांब काहीतरी हलताना दिसलं. "एवढी टेकाडी ओलांडू या," म्हणाले. बाटल्या अर्ध्या झाल्या होत्या. मी काही बोलायच्या आत आजी म्हणाली, "नियम म्हणजे नियम. चला मागे."

चादरीचा आडोसा दोन दिवसांत कितीतरी वेळा उभा राहिला. आजीने तिच्या वाट्याचं सगळं पाणी प्यायलं. माझ्या लेखी ट्रिप तिथेच पास झाली.

तेव्हा घरच्यांना घेऊन कुठेही निघालात, वाळवंटात किंवा नुसतं जीवदानीच्या पायऱ्या चढायला, तर किती पाणी घ्यायचं हे जरूर मोजा. पण ते कोण पीत नाहीये आणि का, हे आधी विचारा.